‘इथंच थांबवा, दादा’ : सामाजिक चिंतेचं एक प्रकरण

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी आठवड्यातून तीन दिवस समुपदेशक म्हणून बसते. खोली म्हणजे एन.एस.एस.च्या सामानखोलीचा अर्धा भाग. मध्ये प्लायवूडची भिंत, पलीकडे घमेली, फावडी आणि जुन्या शिबिरांचे बॅनर. पलीकडे कुणी काही काढायला आलं की अलीकडे आम्ही गप्प होतो. २०२४च्या सप्टेंबरात, गणपतीची सुट्टी संपल्यावर, रसायनशास्त्राच्या एका मॅडमनी एम.एस्सी. भाग एकच्या मुलाला माझ्याकडे धाडलं. सोबत चिठ्ठी होती : ‘हुशार आहे. इंग्रजीचा न्यूनगंड. जरा मोकळा करा.’

त्या चिठ्ठीवर मी विश्वास ठेवला आणि पहिले चार आठवडे फुकट घालवले. मुलाचं नाव इथे देत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

तो आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. बॅग मांडीवर, उजव्या मुठीत रुमाल. अंगात काळा टी-शर्ट. पुढे सहा महिन्यांत बऱ्याच गोष्टी बदलल्या, पण तेव्हा आठवडाभर तो काळा नाहीतर गडद निळाच घालायचा आणि मला ती नुसती आवड वाटली. तो म्हणाला, “मॅडम, माझं इंग्लिश वीक आहे. बारावीपर्यंत चाललं, आता चालत नाही.” लेखी पेपरात तो वर्गात पहिल्या तिघांत असायचा. टी.वाय.ला असताना मात्र दोन सेमिनारना गैरहजर : एकदा ताप, एकदा गावी मयत. दोन्ही खोटं, हे त्यानं न विचारता सांगितलं. या सत्रातल्या सेमिनारऐवजी दुप्पट पानांचं लेखी काम देतो, अशी विनंतीही तो मॅडमना करून आला होता. तीही चिठ्ठी लिहून, टेबलावर ठेवून.

घर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत. वडील वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका टोळीत. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पाटणकडे. सातवीपर्यंत हा आजीजवळ गावी शिकला, आठवीला इकडे मराठी शाळेत आला, अकरावीला सायन्स घेतलं आणि सगळं इंग्रजीत झालं. त्याची बारावीची बॅच २०२१ची, म्हणजे बोर्डाची परीक्षाच झाली नाही ती. ऑनलाइन तासांना कॅमेरा बंद, माइक बंद. “ती दोन वर्षं सगळ्यात भारी गेली,” असं तो म्हणाला तेव्हा मी वहीत नुसतं ‘लॉकडाऊन – बरं वाटलं’ एवढं टिपलं. तिथे थांबायला हवं होतं.

मी काय केलं, तर इंग्रजीचं काम काढलं. वर्तमानपत्रातला उतारा मोठ्यानं वाच, दोन मिनिटं एका विषयावर बोल, शब्दांची वही कर. ते तो करायचा, आणि नीट करायचा. त्याचं इंग्रजी माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या इंग्रजीपेक्षा बरं होतं. तरी ऑक्टोबरातला सेमिनार जवळ आला तशी त्याची झोप उडाली.

पाचव्या भेटीला तो वीस मिनिटं उशिरा आला, घामाघूम. मी विचारलं, “ट्रान्स-हार्बर लेट का?” नाही म्हणाला. स्टेशनपासून शेअर रिक्षा केली होती, ती पुढे नाक्यापर्यंत गेली, तिथून चालत परत आला.

“का? थांबवा म्हटलं नाहीस?”

“म्हणणार होतो.”

मग हळूहळू निघालं. कॉलेजचं दुसरं कुणी रिक्षात असलं की तेच थांबवतात. नसलं की हा मनात वाक्य जुळवत बसतो, फाटक दिसतं, छाती धडधडते, आवाज फुटायच्या आत फाटक मागे जातं. मग पुढे जिथे कुणी उतरेल तिथे हाही उतरतो, जणू तिथेच उतरायचं होतं, आणि पैसे देऊन मागे चालत येतो. कधी दहा मिनिटं, कधी पंधरा. पावसाळ्यातसुद्धा.

“ते वाक्य काय असतं?”

“इथंच थांबवा, दादा.”

तीन शब्द, मराठीतले. माझ्या डोक्यातली इंग्रजीची सगळी मांडणी तिथे कोसळली. मी शब्दांची वही बंद केली आणि पहिल्या भेटीत विचारायचे ते प्रश्न पाचव्या भेटीत विचारायला सुरुवात केली.

खोटी कारणं आणि खरी

प्रश्न साधे होते. कुठे कुठे असं होतं? हॉटेलात ऑर्डर देताना. बँकेत फॉर्म भरताना मागे कुणी उभं असलं तर. कॅन्टीनमध्ये एकट्यानं खाताना. कुणाचा फोन आला तर तो वाजू देतो आणि मग मेसेज करतो. प्रयोगशाळेतला प्रसंग त्यानं शेवटी सांगितला. टी.वाय.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत तो टायट्रेशन करत होता. खाली फ्लास्कमध्ये आम्ल, वर ब्युरेटमध्ये अल्कली, फिनॉफ्थॅलीनचे दोन थेंब. फिका गुलाबी रंग आला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की गडद. बाहेरून आलेले परीक्षक मागे येऊन उभे राहिले, बोलले काहीच नाहीत. कॉकवरचा हात थरथरला आणि फ्लास्क गर्द गुलाबी झाला. दुसऱ्यांदा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा परीक्षक पुढच्या टेबलावर गेले होते, तेव्हा रीडिंग अचूक आलं. ज्या कामात एक शब्दही बोलायचा नाही तिथेही नुसत्या बघणाऱ्या नजरेनं हात बिघडला होता.

लाजाळूपणा आणि सामाजिक चिंतेचा हा आजार यांत फरक कसा करायचा, हे पालक नेहमी विचारतात. लाजाळू मूल पहिले दहा मिनिटं गप्प बसतं, मग मिसळतं. त्याचं काम अडत नाही. इथे काम अडतं. भीती प्रसंगाच्या मानानं कितीतरी मोठी असते आणि ती महिनोन् महिने टिकते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या सूचीत ही अवस्था १९८०मध्ये ‘सोशल फोबिया’ नावानं आली. २०१३च्या आवृत्तीत ‘सोशल अँक्झायटी डिसऑर्डर’ हे मुख्य नाव झालं आणि भीती किमान सहा महिने टिकायला हवी, हा निकष प्रौढांनाही लागू झाला. मी त्याच्याकडून ही चिंता मोजणारी लिबोविट्झची प्रश्नावली भरून घेतली. १९८७ची आहे, चोवीस प्रसंग. प्रत्येकात भीती किती आणि टाळता किती, असे दोन वेगळे आकडे द्यायचे. त्यानं ‘टाळतो’चे आकडे भीतीपेक्षा कमी दिले होते. विचारलं तर म्हणाला, “टाळत नाही मॅडम, जातो. फक्त कुणाला दिसणार नाही असा जातो.” या एका उत्तरावर पुढचं सगळं काम उभं राहिलं.

निदान माझ्या एकटीच्या अधिकारातलं नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं ठरलं. इथे ठाण्याची एक खास अडचण आहे. १९०१पासून इथे मनोरुग्णालय आहे आणि त्यावरून ‘ह्याला ठाण्याला टाका’ हे मराठीत वेड्याला उद्देशून बोललं जातं. कोपरखैरण्याहून रोज ठाण्याला येणाऱ्या मुलाच्या आईला ‘ठाण्यात डॉक्टरला दाखवायचंय’ हे सांगणं किती अवघड असतं, ते दुसऱ्या गावच्या समुपदेशकाला कळायचं नाही. आम्ही शेवटी वाशीतले डॉक्टर निवडले.

डॉक्टरांनी निदान पक्कं केलं. नैराश्य नव्हतं, तोतरेपणा नव्हता. मरणाचे विचार येतात का, हेही मी आधीच सरळ विचारलं होतं. येत नाहीत म्हणाला. ‘कॉलेज सोडावं’ हा विचार मात्र रोजचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तरी मी त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला. गोळ्यांचा उपयोग होतो, पण आधी बोलण्याचे उपचार करून पाहू, असं डॉक्टरांचं मत पडलं. एक गोळी मात्र त्याच्या बॅगेत आधीच होती. वर्गमित्रानं ‘व्हायवाची गोळी’ म्हणून दिलेली, प्रोप्रॅनोलॉल. ती हृदयाची धडधड आणि हाताची थरथर कमी करते, म्हणून मुलं एकमेकांना वाटतात. त्याच बॅगेच्या पुढच्या कप्प्यात त्याचा दम्याचा पंप होता. दमेकऱ्यानं ही गोळी घेतली तर श्वासनलिका आवळून जीवावर बेतू शकतं. ती त्यानं घेतली नव्हती, हे नशीब.

पानी

लहानपणी पाहुणे आले की हा कणगीमागं जाऊन बसायचा, असं आई सांगते. हार्वर्डमध्ये जेरोम केगन यांनी अशाच मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं : नव्या माणसासमोर, नव्या वस्तूसमोर आखडून जाणारी मुलं. अशा स्वभावाच्या मुलांना पुढे सामाजिक चिंतेचा धोका जास्त असतो. पण कणगीमागं बसणारी सगळीच मुलं पुढे रिक्षा चुकवत नाहीत. मध्ये काहीतरी घडावं लागतं.

ते आठवीत घडलं होतं. शाळा नवी, हा गावाकडून आलेला. बाईंनी धडा वाचायला उभं केलं. त्यानं ‘पाणी’चं ‘पानी’ वाचलं, ‘कोणी’चं ‘कोनी’. बाईंनी थांबवून ‘पाणी’ दहा वेळा म्हणायला लावलं. सहाव्या-सातव्या वेळेपासून अख्खा वर्ग तालात म्हणू लागला. त्यानंतर दहावीपर्यंत त्याचं नाव ‘पानी’. अर्ध्या महाराष्ट्राच्या बोलण्यात ‘ण’चा ‘न’ होतो आणि कुणाचं काही अडत नाही. तरी शुद्ध बोलण्याच्या नावाखाली वर्गात पोरांची अशी शोभा करणारे शिक्षक मी स्वतः पाहिलेत. त्यांना आपण काय पेरलं ते बहुधा कधीच कळत नाही.

मी त्याला विचारलं, “मग आता दुकानात पाणी कसं मागतोस?”

“वॉटर बॉटल म्हणतो.”

ज्याला इंग्रजीचा न्यूनगंड म्हणून माझ्याकडे धाडला होता, तो मुलगा ‘ण’ चुकवायला इंग्रजीच्या आडोशाला जात होता.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५मध्ये सामाजिक चिंतेची जी मांडणी केली, ती या मुलावर जवळजवळ तंतोतंत बसते. चार लोकांत गेलं की अशा माणसाचं लक्ष समोरच्यांवरून सुटतं आणि स्वतःवर खिळतं. कान तापलेत, आवाज घोगरा झालाय, घाम फुटलाय. आतून जे जाणवतं तेच बाहेर दिसतंय असं तो धरून चालतो, आणि मनात स्वतःचं एक चित्र बघत राहतो, दुसऱ्याच्या डोळ्यांनी. मी त्याला डोळे मिटून ते चित्र सांगायला लावलं. सेमिनारच्या वेळी त्याला दिसणारा मुलगा बावीस वर्षांचा नव्हता. शाळेच्या गणवेशातला होता, कान लाल. हॅकमन, क्लार्क आणि मॅकमॅनस यांनी २०००मध्ये दाखवलं होतं की या लोकांना वारंवार दिसणारी अशी चित्रं बहुतेकदा जुन्या एखाद्या अपमानाशी जोडलेली असतात. पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोरचा मुलगा डोळे मिटून ‘हाफ पँट आहे’ म्हणतो ते वेगळं.

मग बचावाच्या युक्त्या. काळा टी-शर्ट, कारण घाम दिसत नाही. रुमाल, कारण हात ओले. दाराजवळची जागा. वाक्य न वाक्य पाठ करणं, भरभर बोलून संपवणं, स्लाइडकडेच बघणं, कुणी ओळखीचं येताना दिसलं की फोन कानाला लावणं. प्रत्येक युक्तीनं तो त्या वेळेपुरता सुटायचा, आणि प्रत्येक वेळी मनात हिशेब असा लागायचा की युक्ती होती म्हणून वाचलो. युक्तीशिवाय काय झालं असतं, हे त्याला कधी कळलंच नव्हतं. रात्री अंथरुणावर दिवसभराचं दळण : ती हसली ती मला की मोबाइलला? सरांनी घड्याळ का पाहिलं? पहाटे वडील मार्केटला निघायचे तेव्हा हा जागाच असायचा.

काय केलं

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शिकेत अशा बोलण्याच्या उपचाराच्या चौदाएक बैठका, प्रत्येकी दीड तासाच्या, सांगितल्या आहेत. आमच्याकडे दोन लेक्चरच्या मधली चाळीस मिनिटं होती. त्यातच बसवलं. ऑक्टोबरातला सेमिनार मॅडमशी बोलून फेब्रुवारीवर ढकलला. पुढे ढकलणं म्हणजेही टाळणंच, हे त्याला तेव्हाच सांगितलं.

पहिला प्रयोग प्लायवूडपलीकडच्या मदतीनं झाला. एन.एस.एस.ची एक विद्यार्थिनी पाच-पाच मिनिटं दोनदा त्याच्याशी गप्पा मारायला तयार झाली. पहिल्यांदा त्यानं सगळ्या युक्त्या वापरायच्या : रुमाल, पाठ वाक्यं, स्वतःवर नजर. दुसऱ्यांदा रुमाल माझ्याकडे, आणि लक्ष ती काय बोलते त्यावर. भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे होते. पहिल्या गप्पांना त्यानं सत्तर दिले, दुसऱ्यांना पन्नास. खरा धक्का तिच्या उत्तरानं बसला. ती म्हणाली, “पहिल्यांदा वाटलं, हा शिष्ट आहे. माझं ऐकतच नव्हता.”

शिष्ट! हा शब्द तो आठवडाभर घोळवत होता. वर्गात आपल्याला बावळट समजतात, असं तो आठ वर्षं धरून चालला होता. निदान एका मुलीला तो गर्विष्ठ वाटला होता. लपण्यासाठी जे करत होता, तेच लोकांना खुपत होतं.

दिवाळीनंतर व्हिडिओ. माझ्या मोबाइलवर त्याचं तीन मिनिटांचं बोलणं टिपलं. बघण्याआधी अंदाज लिहून घेतला : कान लालभडक, हात थरथरतायत, दर वाक्याला अडखळतोय. मग सांगितलं, अनोळखी मुलगा म्हणून बघ. त्यानं दोनदा पाहिलं. कान कानांसारखेच होते. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच मोबाइल हातात घेतला आणि कानावर झूम केलं.

मी त्याला कॉर्नेल विद्यापीठातला २०००मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना ओशाळवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांना तो लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज; प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्या लक्षात आला होता. ऐकून तो म्हणाला, “पाव म्हणजे पण बरेच की.” खरं आहे. कुणाच्याच लक्षात येत नाही, असं खोटं आश्वासन मी कधी देत नाही.

म्हणून बाहेर पडलो. तलावपाळीवर चपलांचा भाव विचारायचा आणि न घेता निघायचं. बसमध्ये मुद्दाम सुटे पैसे सांडायचे. प्रत्येक वेळी वहीत दोन रकाने : काय होईल वाटलं, काय झालं. सगळ्यात अवघड काम त्यानंच सुचवलं. डिसेंबरात कॅन्टीनच्या गर्दीत, काउंटरवर, मोठ्यानं, ‘न’सकट म्हणायचं. मी मागच्या टेबलावर चहा घेऊन बसले होते. तो दोनदा रांगेतून बाहेर पडला. तिसऱ्यांदा म्हणाला, “एक पानी द्या.”

काउंटरवरच्या काकांनी मान वर न करता विचारलं, “थंड का साधं?”

याची तयारी त्यानं केली नव्हती. “साधं,” म्हणाला आणि बाटली घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. वहीच्या दुसऱ्या रकान्यात लिहिलं : ‘थंड का साधं.’ बाकी काही लिहिलं नाही.

वडील एकदाच भेटायला आले, सकाळचं काम उरकून. शर्टाला कांद्याचा वास, खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मुलगा पहिल्या दिवशी बसला होता तसेच. मी विचारलं, “तुम्हाला चार लोकांत बोलायला कसं वाटतं?” म्हणाले, “मॅडम, व्यापाऱ्यापुढं, साहेबापुढं मी मुकादमालाच पुढं करतो. माझी जीभ उचलत नाही. म्हणून तर ह्याला सारखा सांगतो, चार लोकांत बोलायला शिक.” घरात बोलण्याचा धोशा आणि समोर न बोलण्याचा धडा, दोन्ही एकाच माणसाकडून, तेही मायेपोटी. मी त्यांना एवढंच सांगितलं की पाहुण्यांपुढं ‘बोल की रे’ म्हणायचं बंद करा, आणि धाकट्या बहिणीनं त्याच्या वतीनं फोन उचलायचेही. दुसरं जास्त जड गेलं, कारण बहिणीला ते आवडायचं.

फेब्रुवारीतला सेमिनार थिन लेयर क्रोमॅटोग्राफीवर होता. तो आकाशी शर्ट घालून आला, ज्यावर घाम स्पष्ट दिसतो. आणि दिसलाही, पाठीवर मोठा डाग. पाठांतर न करता मुद्द्यांचा एक कागद घेतला होता. मध्ये एकदा पूर्ण थांबला. त्याच्या हिशेबानं मिनिटभर, मॅडमच्या हिशेबानं चार-पाच सेकंद. एका मुलीनं आरएफ मूल्यावर प्रश्न विचारला. “नक्की माहीत नाही, बघून सांगतो,” म्हणाला. पंचवीसपैकी सोळा गुण. लेखीत नेहमी त्याच्या मागे असणाऱ्यांना वीस मिळाले, याचं त्याला वाईट वाटलं. मला त्या वाईट वाटण्याचा आनंद झाला. याआधी गुणांपर्यंत तो पोचायचाच नाही.

सगळं सुरळीत झालेलं नाही. अनोळखी नंबर तो अजून उचलत नाही. मार्चमध्ये लग्नाला गावी गेला आणि दोन दिवस माळ्यावर अभ्यासाच्या नावाखाली बसला. लिबोविट्झचे आकडे उतरलेत, पण अजून काळजी करण्याइतके आहेत. परीक्षेनंतर पुन्हा भेटायचं ठरलंय.

त्या सत्रातल्या शेवटच्या भेटीला तो वेळेवर आला, पण वैतागलेला. रिक्षात कॉलेजचं कुणी नव्हतं. फाटक दिसल्यावर ‘इथंच थांबवा, दादा’ म्हणाला, तरी रिक्षा थांबली नाही.

“मग?”

“मग काय मॅडम, ओरडलो. कानात इअरफोन घालून बसला होता तो.”